डाव्या टेम्पोरल लोबची शस्त्रक्रिया: स्त्री असल्याने स्मरणशक्ती वाचते का?

विचारणा एका भावाची आहे. बहीण २९ वर्षांची असून प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वयाच्या चौदाव्या वर्षापासून तिला आकडी येते आणि तीन औषधे चालू असूनही महिन्यातून तीन-चार वेळा तिचे भान हरपते. एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी झाल्यावर डॉक्टरांनी डाव्या टेम्पोरल लोबची शस्त्रक्रिया सुचवली आहे. शब्दांशी निगडित स्मरणशक्तीला त्यात धोका आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. दरम्यान, अशा शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांची स्मरणशक्ती पुरुषांपेक्षा चांगली राहते, असे या भावाच्या वाचनात आले. तेव्हा बहिणीच्या बाबतीत डॉक्टरांनी सांगितलेला धोका थोडा कमी धरायला हरकत नाही ना, असे त्यांनी विचारले आहे.

हरकत आहे. आपण वाचलेत ते खोटे नाही. पण ‘शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांचे गुण पुरुषांपेक्षा वर असतात’ आणि ‘शस्त्रक्रियेमुळे स्त्रियांचे गुण कमी घसरतात’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्या विधानाला बऱ्यापैकी आधार आहे, दुसऱ्याचा आधार डळमळीत आहे, आणि आपल्या बहिणीचा निर्णय अवलंबून आहे तो दुसऱ्यावर. न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणून अपस्माराच्या, म्हणजे आकडीच्या, रुग्णांच्या स्मृतिचाचण्या घेण्यात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत. या दोन विधानांची गल्लत मला नातेवाइकांच्या बोलण्यात जेवढी आढळते तेवढीच, सांगायला संकोच वाटतो, आमच्याच व्यवसायातल्या अहवालांतही आढळते.

आधी शस्त्रक्रियेत नेमके काय काढतात ते पाहू. टेम्पोरल लोब हा कानाच्या पातळीवर, कवटीच्या आत असलेला मेंदूचा भाग असून त्याच्या आतल्या कडेला साधारण करंगळीएवढा हिप्पोकॅम्पस असतो. नवी आठवण पक्की होण्याचे काम या भागावर फार अवलंबून असते. हे वैद्यकाला कळले ते एका दुर्दैवी शस्त्रक्रियेमुळे. अमेरिकेत हार्टफर्ड येथे १९५३ साली विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाची आकडी थांबवण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला. फिट पुष्कळ कमी झाल्या, परंतु त्यानंतर नव्याने भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की मोलेसन यांना तो अनोळखीच वाटत असे, आणि २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ही स्थिती कायम राहिली. स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी १९५७ मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध केल्यानंतर दोन्ही बाजू काढण्याचा विचार मागे पडला. पुढे मिल्नर यांनीच माँट्रियलमध्ये एका बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास करून दाखवले की, डावी बाजू काढली तर शब्दांची, गोष्टींची आणि ऐकलेल्या मजकुराची स्मृती अधिक दुखावते, तर उजवी बाजू काढली तर चेहरे, आकृत्या आणि जागांची. यातला उजव्या बाजूविषयीचा भाग नंतरच्या अभ्यासांत तितका ठाम राहिलेला नाही, परंतु डाव्या बाजूविषयीचा भाग आजही रोजच्या कामात पुन्हा पुन्हा पडताळून मिळतो.

मोलेसन यांची गोष्ट मी रुग्णांना सहसा स्वतःहून सांगत नाही, कारण ती ऐकून घाबरलेले कुटुंब पुढचे काहीच ऐकत नाही. आपल्या बहिणीची शस्त्रक्रिया एका बाजूची आहे आणि तिच्या बाबतीत तसला स्मृतिलोप अपेक्षित नाही. अपेक्षित धोका वेगळ्या जातीचा आहे: पालकसभेत ऐकलेली नावे संध्याकाळपर्यंत निसटणे, वाचलेल्या परिपत्रकाचा आशय दुसऱ्या दिवशी धूसर होणे, किंवा समोरच्या वस्तूचे नाव जिभेवर येऊन अडणे.

आता स्त्री-पुरुष फरकाकडे येऊ. तो चाचणीत कसा दिसतो, हे जवळून पाहिल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. शाब्दिक स्मृती मोजण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे शब्दयादी. पंधरा किंवा सोळा शब्द एका संथ लयीत वाचून दाखवायचे, लगेच आठवतील तेवढे विचारायचे, असे पाच वेळा करायचे, मग मध्ये दुसरी यादी देऊन मन विचलित करायचे आणि वीस-तीस मिनिटांनी, पुन्हा वाचून न दाखवता, पहिली यादी विचारायची. खरी यादी इथे देत नाही, कारण ती आधी वाचली की चाचणी वाया जाते. पण समजा यादीत दोडका, करवत, पैंजण, साळुंकी, पटाशी, भेंडी, नथ, बगळा असे शब्द मिसळून आलेले आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी आलेल्या एका गृहिणीने दुसऱ्याच फेरीत भाज्या एकीकडे, दागिने एकीकडे, पक्षी एकीकडे असे गट पाडून शब्द सांगायला सुरुवात केली. त्याच आठवड्यात आलेला, कारखान्यात फिटर असलेला एक तरुण मात्र शब्द ज्या क्रमाने ऐकले त्याच क्रमाने म्हणायचा प्रयत्न करत होता, आणि क्रम तुटला की पुढचे सगळेच सुटत होते. अर्थानुसार गट पाडणे ही आठवण्याची अधिक किफायतशीर रीत आहे, आणि ती आपणहून वापरण्याकडे स्त्रियांचा कल सरासरीने थोडा जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून हा नियम समजू नये. मला आजवर भेटलेल्यांपैकी सर्वांत सफाईने गट पाडणारी व्यक्ती म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. चाळीस वर्षे टपालाची वर्गवारी केल्यावर आणखी काय होणार?

निरोगी लोकांमधला हा फरक किती मोठा आहे, याचा विस्तृत अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश संकलनातून मिळतो. १९७३ ते २०१३ या काळातले ६१७ अभ्यास आणि बारा लाखांहून अधिक व्यक्ती त्यात धरलेल्या आहेत. घटनास्मृतीच्या, म्हणजे पाहिले-ऐकलेले नंतर आठवण्याच्या, चाचण्यांत स्त्रिया सरासरीने पुढे होत्या, परंतु प्रमाणित एककात हा फरक केवळ ०.१९ इतका होता. शब्द आणि चेहरे यांत स्त्रिया पुढे होत्या, तर रस्ता लक्षात ठेवण्यासारख्या कामांत पुरुष. ०.१९ म्हणजे काय, ते साध्या हिशेबाने सांगते. शंभर स्त्रिया आणि शंभर पुरुष चिठ्ठ्या टाकून निवडले आणि त्यांच्या जोड्या लावल्या, तर सुमारे ५५ जोड्यांत स्त्रीचे गुण जास्त भरतील आणि ४५ जोड्यांत पुरुषाचे. गटाच्या पातळीवर हा फरक खरा आहे; समोर बसलेल्या एका व्यक्तीविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

हीच आघाडी अपस्माराच्या रुग्णांतही टिकते का, हे पाहणारे अभ्यास १९९० च्या दशकात झाले. १९९५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या गटाने टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेनंतरच्या शाब्दिक स्मृतीत स्त्री-पुरुष फरक असल्याचे मांडले आणि त्याची सांगड एमआरआयवर मोजलेल्या हिप्पोकॅम्पसच्या आकारमानाशी घातली. १९९७ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकी गटाने फक्त डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना शब्दयादी देऊन पाहिले, तेव्हा स्त्रियांचे गुण शस्त्रक्रियेपूर्वीही वर होते आणि नंतरही वरच राहिले. आपण वाचलेला मजकूर बहुधा या धाग्यातून आलेला असावा. ‘पूर्वीही आणि नंतरही’ या शब्दांवर मात्र थोडे थांबावे लागते. एखाद्या स्त्रीला शस्त्रक्रियेपूर्वी अर्ध्या तासाने १२ शब्द आठवत होते आणि नंतर ९ आठवू लागले. एखाद्या पुरुषाला पूर्वी १० आणि नंतर ७. शस्त्रक्रियेनंतर स्त्री पुढेच आहे, आणि तरीही दोघांनी तीन-तीनच शब्द गमावले आहेत. ज्या शिक्षिकेचे रोजचे काम १२ वर बेतलेले होते, तिला ९ वर निभावताना होणारा त्रास, शेजारच्या पुरुषाला ७ च आठवतात म्हणून कमी होत नाही.

घसरण किती होईल हे मुख्यतः कशावर ठरते? काढला जाणारा भाग आज किती काम करतो आहे, यावर. दीर्घकाळच्या अपस्मारात अनेकदा हिप्पोकॅम्पस वाळून, कडक होऊन गेलेला असतो. एमआरआयवर तो आक्रसलेला आणि पांढरट दिसतो. असा हिप्पोकॅम्पस काढला तर स्मृतीचे फारसे जात नाही, कारण त्यातून यायचे ते आधीच येईनासे झालेले असते. याउलट एमआरआय जवळपास सामान्य आहे आणि चाचणीतले गुणही उत्तम आहेत, अशा रुग्णाच्या डाव्या बाजूचा तोच भाग काढला तर त्याचे नुकसान अधिक होते. कुटुंबाला हे उलटे वाटते. ‘हिची स्मरणशक्ती तर एवढी चांगली आहे, मग काळजी कशाची?’ असे विचारले जाते, तेव्हा मला सांगावे लागते की काळजी त्याचीच आहे.

या तर्काला स्त्री-पुरुष फरक जोडून पाहा. शाब्दिक स्मृतीत सरासरीने पुढे असणारा गट म्हणजे गमावण्यासारखे अधिक असणारा गट. त्यामुळे ‘स्त्री आहे म्हणून सुरक्षित’ हा निष्कर्ष तर निघत नाहीच. काही रुग्णांच्या बाबतीत त्याच माहितीवरून नेमका विरुद्ध निष्कर्ष काढावा लागतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने शाब्दिक स्मृतीच्या घसरणीची पूर्वसूचना देणारे पाच घटक वेगळे काढले होते: मेंदूच्या ज्या अर्ध्या भागात (गोलार्धात) भाषा असते त्यावर शस्त्रक्रिया होणे, एमआरआयवर फक्त एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसचे वाळणे याखेरीज वेगळे चित्र असणे, शस्त्रक्रियेपूर्वी उशिराने विचारलेले शब्द नीट आठवणे, तुलनेने लगेचची आठवण कमी असणे, आणि वाडा चाचणीत (मेंदूची एक बाजू तात्पुरती निजवून दुसरी तपासण्याची ही चाचणी; तिच्याविषयी पुढे येईलच) काढायच्या बाजूची स्मृती शाबूत असणे. या पाचांत रुग्ण स्त्री की पुरुष याला स्थान नाही. जगभरातील अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर ४४ टक्के रुग्णांत शाब्दिक स्मृतीची लक्षणीय घट आढळते आणि उजव्या बाजूनंतर २० टक्के. बाजूने पडणारा हा फरक पाहिला की लिंगाने पडणारा फरक कोणत्या पायरीवरचा आहे, याची कल्पना यावी.

नावे आठवण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. चित्र दाखवून ‘हे काय?’ असे विचारण्याची चाचणी स्मृतीपेक्षा भाषेची अधिक आहे, आणि डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तिच्यात घट होते. क्लीव्हलँड क्लिनिकच्या गटाने २०१८ च्या सुमारास ही घट वर्तवणारे जे गणिती कोष्टक तयार केले, त्यात शस्त्रक्रियेची बाजू, आजार सुरू झाल्याचे वय, शस्त्रक्रियेचे वय आणि शिक्षण यांच्या जोडीला लिंगही आहे. म्हणजे लिंगाचा काहीच संबंध नाही असेही मी म्हणत नाही. पाच घटकांच्या बेरजेत तो एक घटक आहे आणि इतर चार माहीत नसताना एकट्याने वापरण्याजोगा नाही. आपल्या बहिणीला आजार १४ व्या वर्षी सुरू झाला, शस्त्रक्रिया २९ व्या वर्षी होणार आहे आणि बाजू डावी आहे. या तीन गोष्टी ती स्त्री असण्यापेक्षा मला अधिक सांगून जातात.

आजार सुरू झाल्याचे वय इतके महत्त्वाचे का, तर भाषेच्या बाजूमुळे. अगदी लहानपणी, साधारण पाच-सहा वर्षांच्या आत, डाव्या गोलार्धाला इजा झाली तर भाषा काही प्रमाणात उजवीकडे सरकू शकते, आणि मग डावीकडची शस्त्रक्रिया तितकी महाग पडत नाही. १४ व्या वर्षी आजार सुरू झालेल्या व्यक्तीत, विशेषतः ती उजव्या हाताने काम करणारी असेल तर, भाषा डावीकडेच असण्याची शक्यता मोठी असते. इथे आणखी एक लोकप्रिय समज आड येतो, तो म्हणजे ‘स्त्रिया भाषेसाठी मेंदूच्या दोन्ही बाजू वापरतात’. या समजाला मोठे बळ मिळाले ते १९९५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासामुळे. त्यात १९ पुरुष आणि १९ स्त्रियांना यमक जुळते का हे ठरवायला सांगून मेंदूची प्रतिमा घेतली होती. पुढे अशा अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी २००४ मध्ये झाली, तेव्हा भाषेच्या बाजूत स्त्री-पुरुष असा ठोस फरक हाती लागला नाही. ३८ जणांच्या अभ्यासावरून निघालेले वाक्य मात्र तीस वर्षे झाली तरी आरोग्यविषयक पुरवण्यांमधून फिरतेच आहे.

या विषयातला मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटलेला धागा जर्मनीतील बॉनच्या गटाचा आहे. क्रिस्टोफ हेल्मश्टेटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लिंग आणि भाषेची बाजू या दोन गोष्टी वेगवेगळ्या न मोजता एकत्र धरून, डाव्या टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची स्मृती पाहिली. भाषा उजवीकडे सरकते तेव्हा तिथे आधीपासून असलेल्या आकृती-चेहऱ्यांच्या स्मृतीला जागा कमी पडते का, आणि ही गर्दी स्त्री-पुरुषांत सारखीच होते का, असा तो प्रश्न होता. असा प्रश्न विचारला की ‘स्त्रियांची स्मृती वाचते’ हे वाक्य अपुरे ठरते, कारण शब्द वाचले तर त्याची किंमत दुसऱ्या कोणत्या स्मृतीने मोजली हेही पाहावे लागते. (हा प्रश्न दिसतो त्याहून जुना आहे. हर्बर्ट लॅन्सडेल यांनी १९६२ सालीच ‘नेचर’मध्ये, टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेनंतर नक्षीच्या पसंतीवर होणारा परिणाम स्त्री-पुरुषांत वेगळा दिसतो, असे नोंदवले होते.) व्यवहारात याचा अर्थ इतकाच की, भाषा कोणत्या बाजूला आहे ते लिंगावरून अंदाजाने न ठरवता फंक्शनल एमआरआयने (काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो ते दाखवणाऱ्या तपासणीने), आणि शंका उरली तर वाडा चाचणीने, तपासून घ्यावे. वाडा चाचणीत मांडीतल्या धमनीतून नळी नेऊन मेंदूची एक बाजू काही मिनिटे औषधाने निजवतात आणि तेवढ्या वेळात दुसरी बाजू एकटीने काय करू शकते ते पाहतात. ही चाचणी आता पूर्वीइतकी सर्रास केली जात नाही.

आता थोडे आमच्या घरातले. स्त्री-पुरुष फरकाचा सर्वांत मोठा व्यावहारिक परिणाम मला शस्त्रक्रियागृहात दिसत नाही, गुणांची तुलना ज्या कोष्टकाशी करतात तिथे दिसतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात वय, शिक्षण आणि लिंग यांनुसार वेगवेगळी प्रमाणे दिलेली आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु जिथे स्त्री-पुरुष मिळून एकच मिश्र प्रमाण वापरले जाते, तिथे चांगली स्मृती असलेल्या स्त्रीची सुरुवातीची घसरण ‘सामान्य मर्यादेत’ या शब्दांखाली झाकली जाते. वृद्धांच्या विस्मरणाच्या अभ्यासांत हे ठळकपणे पुढे आले आहे: हिप्पोकॅम्पस सारखाच आक्रसलेला असताना स्त्रिया शब्दयादीत पुरुषांपेक्षा बऱ्या दिसतात, आणि त्यामुळे त्यांचे निदान उशिरा होऊ शकते. एका शिक्षिकेचा अहवाल मी असाच पाहिला होता. शस्त्रक्रियेनंतर ‘स्मृती सामान्य’ असा शेरा होता आणि तिचे म्हणणे होते की वर्गात उभे राहिल्यावर मुलांची नावे येत नाहीत. घरच्यांनी शेऱ्यावर विश्वास ठेवला आणि तिला ‘मनाने घेतले आहे’ असे समजावले. शस्त्रक्रियेपूर्वीचे कच्चे गुण मागवल्यावर कळले की ती वरच्या थरातून मधल्या थरात आली होती. तिची तुलना इतरांशी केली गेली होती. करायला हवी होती ती तिच्या स्वतःच्या आधीच्या गुणांशी, आणि तीही समांतर पण वेगळी यादी देऊन, कारण तीच यादी पुन्हा दिली तर सरावाने गुण फुगतात.

भाषेचाही एक घोटाळा सांगायलाच हवा, कारण मराठी रुग्णांना तो भोवतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका इंग्रजी यादीत टर्की पक्ष्याचे नाव आहे; मराठीत ते तसेच उतरवले की निम्म्या लोकांना तो देश वाटतो आणि उरलेल्यांना काहीच वाटत नाही. त्याच यादीत आई किंवा वडील या अर्थाचा शब्द आहे, आणि त्याचे भाषांतर कोणीतरी ‘पालक’ असे करून ठेवले होते. भाजी निवडण्यात आयुष्य गेलेल्या बाईने तो ‘बाग’ आणि ‘शेतकरी’ यांच्या गटात घातला, तर त्यात तिची चूक काय? तिला एक गट फुकट मिळाला, आणि त्याच यादीवर तिच्या नवऱ्याला तो मिळाला नसता. अशा याद्यांवर आधारलेला स्त्री-पुरुष फरक मेंदूचा किती आणि स्वयंपाकघराचा किती, हे वेगळे काढता येत नाही. याच्या जोडीला शिक्षण येते. आपल्याकडे आधीच्या पिढीतल्या स्त्रियांचे शिक्षण अनेकदा मध्येच तुटलेले असते आणि शब्दयादीवर शालेय शिक्षणाचा प्रभाव मोठा असतो. त्यामुळे पाश्चात्त्य अभ्यासांतली स्त्रियांची आघाडी आपल्या बाह्यरुग्ण विभागात कधीकधी दिसतच नाही.

आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीत मला अधिक खुपणारी गोष्ट म्हणजे उशीर. वेल्लोरला जेकब चांडी यांनी १९५२ मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रिया सुरू केली, त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून त्याचा व्यापक कार्यक्रम चालू आहे, आणि महाराष्ट्रातही आज ही सोय आहे. तरीही मुलीची शस्त्रक्रिया ‘लग्नानंतर बघू’ किंवा ‘लग्नाआधी कळायला नको’ म्हणून रखडताना मी पाहते. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ च्या दुरुस्तीने काढला, हे कित्येकांना ठाऊकही नसते. या रखडलेल्या वर्षांत फिट चालूच राहतात आणि स्मृती त्यांच्यामुळेही झिजते. बॉनच्या गटाच्या २००३ च्या दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६० टक्के रुग्णांत, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ५० टक्के रुग्णांत स्मृती घटलेली आढळली. आणि ज्यांच्या फिट थांबल्या त्यांच्या बाबतीत ही घट थांबण्याची, काहींत भरून येण्याची चिन्हे दिसली. कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षाअखेर भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के आणि औषधांच्या गटात ८ टक्के होते. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले की तोलायचे काय ते स्पष्ट होते: एका पारड्यात शस्त्रक्रियेने जाणारी स्मृती आणि दुसऱ्या पारड्यात शस्त्रक्रिया न केल्याने जाणारी. सर्वांत वाईट स्थिती त्यांची, ज्यांची स्मृतीही गेली आणि फिटही थांबल्या नाहीत; म्हणून फिट थांबण्याची शक्यता किती, हा प्रश्न स्मृतीच्या प्रश्नाआधी विचारावा.

औषधे आणि मनःस्थिती यांवरही दोन शब्द. टोपिरामेटसारख्या औषधाने शब्द सुचणे मंदावते, आणि बहिणीच्या तीन औषधांत ते असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीचे गुण तिच्या खऱ्या क्षमतेपेक्षा कमी आले असण्याची शक्यता आहे. शिवाय ‘मला काही आठवत नाही’ ही तक्रार पुष्कळदा चाचणीतल्या गुणांपेक्षा उदासीनतेशी अधिक जुळते. अपस्मारात उदासीनता मुळातच जास्त आढळते आणि स्त्रियांत तिचे प्रमाण आणखी अधिक असते, म्हणून तक्रार आली की मनःस्थितीची तपासणीही व्हावी. तक्रार झटकून टाकण्यासाठी मात्र तिचा वापर होऊ नये. वर सांगितलेल्या शिक्षिकेच्या बाबतीत नेमके तेच झाले होते.

तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना ‘ती स्त्री आहे, मग धोका किती कमी?’ असे न विचारता, डावा हिप्पोकॅम्पस एमआरआयवर वाळलेला दिसतो की सामान्य, उजवा कसा आहे, अर्ध्या तासाने तिला किती शब्द आठवले, गुणांची तुलना कोणत्या प्रमाणाशी केली, भाषेची बाजू तपासली का, आणि हिप्पोकॅम्पस पूर्ण काढणार की निवडक भागच, हे विचारावे. काही केंद्रांत लेझरने फक्त आतला भाग निकामी करण्याची पद्धत वापरतात आणि तिच्यानंतर नावे सांगण्याची क्षमता अधिक शाबूत राहिल्याचे अहवाल आहेत. बहिणीच्या बाबतीत ती शक्य आहे का, हेही विचारायला हरकत नाही. हिप्पोकॅम्पस स्पष्टपणे वाळलेला असेल आणि उशिराच्या आठवणीचे गुण आधीच खाली असतील, तर मी स्वतः तिला फार न घाबरता पुढे जा असे सांगेन. एमआरआय सामान्य आणि गुण उत्तम असतील, तर निर्णय तिने नोकरीचे स्वरूप लक्षात घेऊन, तिच्या स्वतःच्या शब्दांत सांगावा असा माझा आग्रह राहील, कारण वर्गात तिलाच उभे राहायचे आहे.

शस्त्रक्रिया ठरलीच तर तयारी आधीपासून सुरू करावी. हजेरीपटाच्या कडेला प्रत्येक मुलाविषयी एक खूण लिहिण्याची, ऐकलेले लगेच वहीत उतरवण्याची आणि शब्द गटाने बांधण्याची सवय शस्त्रक्रियेच्या दोन-तीन महिने आधी लागली, तर नंतर ती कामाला येते. नंतर नव्याने लावणे जड जाते. चाचणीला येण्याच्या आदल्या रात्री झोप पूर्ण झालेली असावी, लगतच्या एक-दोन दिवसांत फिट आलेली असल्यास फोन करून तारीख बदलून घ्यावी, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या कच्च्या गुणांची एक प्रत आपल्या फाइलमध्ये मागून ठेवावी. वर्षभराने तीच प्रत लागेल.